मारणारा आणि उचलणारा

(पुण्यात एरंडवण्यातलं जुनं घर. मागच्या अंगणात वांगी, मिरची, टोमॅटोच्या रोपांचा वाफा; कडेला काकडी आणि दुधीची आळी. मृगाचा पाऊस होऊन गेला आहे. आत्या निवृत्त शिक्षिका. निखिल तिचा भाचा.)

निखिल: आत्या, वांग्याची अर्धी रोपं गेली. दुधीचं बी तर उकरून खाल्लंय, टरफलं तेवढी ठेवलीत. येताना उंदराचा केक आणतो. रात्री ठेवला की विषय संपला.

आत्या: आधी कोणी खाल्लं ते तरी ठरव. इकडे ये, खाली वाक. हा देठ बघ. जमिनीपासून दोन बोटं वर, ब्लेड फिरवल्यासारखा तिरका काप. हे दातांचं काम. गोगलगाय असती तर पानं खरवडलेली आणि मातीवर चकचकीत रेघ दिसली असती. अळी असती तर बुडाशी उकरल्यावर वेटोळं करून बसलेली सापडली असती.

निखिल: म्हणजे उंदीरच. काल रात्री भिंतीकडेने चिरकत पळताना पाहिला मी.

आत्या: ती चिचुंद्री. लांबुडकं नाक, बारीक डोळे, मागे उग्र वास. ती उंदराच्या कुळातली नव्हेच. झुरळं, किडे खाते. तुझ्या वांग्याशी तिला काही घेणं नाही. उंदीर समजून लोक तिलाच झाडूने मारतात.

निखिल: बरं, मग पिंजरा लावू. सापडला की हनुमान टेकडीवर सोडून देऊ. जीव घ्यायलाच नको.

आत्या: आणि तिथे तो काय करेल? बीळ नाही, ओळखीची वाट नाही. उजेडात सोडलास तर कावळे टपलेलेच असतात. त्यातूनही वाचला तर पायथ्याच्या एखाद्या घरात शिरेल. म्हणजे मारायचं काम तू कावळ्यावर ढकललंस, नाहीतर उपद्रव परक्याच्या गळ्यात बांधलास. तुझे हात तेवढे स्वच्छ.

निखिल: मग केकच बरा. कायद्यालाही तो उपद्रवीच वाटतो ना?

आत्या: 1972 च्या वन्यजीव कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक वेगळी अनुसूची होती. त्यात उंदीर होता, कावळा होता, फळं खाणारी वटवाघळंही होती. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच गेली. म्हणून उंदीर काही पवित्र झाला नाही, आणि यादीत होता तेव्हा पापीही नव्हता. कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही.

निखिल: पण विष घालण्यात निदान लपवाछपवी नाही. मारायचं म्हणून मारतोय.

आत्या: केकमध्ये बहुधा ब्रोमॅडायोलोन असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं. खाल्ल्या खाल्ल्या काहीच होत नाही, म्हणून उंदराला संशय येत नाही. मग काही दिवस आतल्या आत रक्त जाऊन मरतो. त्या दिवसांत तो सुस्त होऊन उघड्यावर येतो आणि घुबडाला, मांजराला आयता सापडतो. विष पुढे जातं. चिकट पॅड तर याहून वाईट. त्याविरुद्ध भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानेही सूचना काढल्या आहेत. आता मला सांग, मेलेला उंदीर उचलतं कोण?

निखिल: कचरा नेणाऱ्या ताई.

आत्या: मारायचं ठरवणार तू आणि घाण निस्तरणार ती. उंदराची फार दया येते म्हणून मी तुला अडवत नाहीये. विष घालणाऱ्याला काहीच बघावं लागत नाही, काहीच उचलावं लागत नाही, हे मला खुपतं.

निखिल: बघितल्याने दोष कमी होतो का? मुंबई महापालिकेचे उंदीर मारणारे कर्मचारी रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांत फिरतात. ते रोज बघतात, स्वतःच्या हाताने मारतात. तुझ्या हिशेबाने सगळ्यांत नीतिमान तेच?

आत्या: ढाराढूर झोपलेल्या मुंबईपेक्षा तर नक्कीच. पण तुझा मुद्दा खोडता येत नाही. रोज बघून माणूस निबरही होतो. म्हणजे नुसतं बघणं पुरेसं नाही. त्याच्याआधी गरज विचारायला हवी. 1897 साली याच पुण्यात प्लेगने माणसं मरत होती. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. तो रोग उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरतो. तिथे तागडीच्या एका पारड्यात माणसाचा जीव होता. इथे काय आहे? भरली वांगी.

निखिल: हे शेतकऱ्याला सांगशील?

आत्या: नाही सांगणार. घूस त्याच्या शेतातली कणसं ओढून बिळात साठवते, त्याचं वर्षाचं गणित बिघडतं. त्याची ती गरज, आपली ही हौस. हौसेपायी जीव घेण्याआधी हौसेला थोडी तोशीस लागू दे. पाव इंची चौकोनाची जीआय जाळी आण. वाफ्याभोवती फूटभर जमिनीत पुरू आणि तळाशी बाहेरच्या बाजूला दुमडू, म्हणजे खालून उकरणाराही अडेल. प्लॅस्टिकची नको, ती कुरतडतात. कोंबडीजाळीतून उंदराचं पिल्लू सहज आत जातं.

निखिल: आणि मग तोच उंदीर शेजारच्या काकूंची मेथी खाणार. टेकडीवर सोडायचं म्हटलं तर मला बोललीस. जाळी त्याहून वेगळी कशी?

आत्या: फारशी नाही. जाळीने भूक मिटत नाही, दुसरीकडे वळते. म्हणून जाळीच्या आधी आणखी एक काम आहे. इतके उंदीर इथे पोसले जातात कशावर?

निखिल: ते मी सांगतो. कंपोस्टच्या पिंपात काल भात होता, पोळ्या होत्या. पिंपाला झाकण नाही. आणि तू भिंतीवर रोज ज्वारी टाकतेस.

आत्या: ती चिमण्यांना!

निखिल: चिमण्यांचं उरलेलं रात्री कुणाचं?

आत्या: मान्य. उंदरीण तीन आठवड्यांत विते. खायला आहे तोवर आपण मारत राहणार आणि रिकामी जागा भरत राहणार. आधी ज्वारी बंद, पिंपाला घट्ट झाकण, शिजलेलं अन्न त्यात टाकायचं नाही. मग जाळी.

निखिल: पण अन्न तोडलं की आज बिळात असलेली पिल्लं उपाशी मरणार. तेही मारणंच ना? आणि तेही न दिसणारं. तुझ्याच कसोटीवर तू नापास.

आत्या: (थोडं थांबून) खायला कमी असलं की पुढची वेतं कमी होतात, पुढे मारायची वेळ कमी येते, एवढं माझ्या बाजूने म्हणता येईल. आज बिळात आहेत त्यांचं काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. अजिबात झळ न लावता बाग करता येते, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

निखिल: आणि एवढं करूनही घुशीने जोत्याखाली बीळ केलं तर? भिंत खचायला लागली तर?

आत्या: मग मारीन. विष नाही, चिकट पॅड नाही. एका झटक्यात मारणारा मोठा चाप, खोक्यात झाकून ठेवलेला, म्हणजे मांजर अडकणार नाही. पहाटे उठून बघीन आणि हातमोजे घालून मीच उचलून पुरीन. कचऱ्याच्या ताईंना हातही लावू देणार नाही.

निखिल: त्याने मारणं योग्य ठरेल?

आत्या: नाही ठरणार. पण हिशेब माझ्याच खात्यावर राहील. आणि जाळीचं काम सांगायला शेजारच्या काकूंकडेही जाऊन येऊ. त्यांचा वाफाही त्याच दिवशी जाळीत घेऊ. खर्च निम्मा माझा.

निखिल: निम्मा का?

आत्या: ज्वारी माझी होती.