दुसरं इंजिन

न चालणारं इंजिन स्वस्थ असतं असं आपल्याला वाटतं, पण ते खरं नाही. चालतं इंजिन तापतं, आतला ओलावा बाहेर टाकतं आणि प्रत्येक फेऱ्याला धातूवर तेलाचा ताजा थर चढवतं. बंद इंजिनात तेल हळूहळू सम्पमध्ये उतरतं आणि सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात. जुन्या इंजिनांत त्या बिडाच्या असतात. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने धरतो. अलिबागला भर पावसाळ्यात ती ऐंशीच्या पुढेच असते, शिवाय समुद्रावरून येणारा खारा वारा. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला जिथे टेकलेल्या असतात तिथेच गंजाची रेघ उमटते. मग एक दिवस कुणीतरी पाना लावून क्रँक फिरवायला जातो आणि ती हलत नाही. मिस्त्री एकच शब्द उच्चारतो, जाम.

घरामागच्या शेडमध्ये मी असं एक इंजिन सांभाळतो आहे. गाडी वडिलांची, फियाट ११०० डिलाइट. हे मॉडेल १९६४ मध्ये आलं आणि पुढे त्यालाच पद्मिनी म्हणू लागले. आमची गाडी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. तिचं स्वतःचं इंजिन उघडून बाकावर मांडलं आहे. सागाच्या फळ्यांच्या घोडीवर, कापडाखाली बसलं आहे ते दुसरं. गाडी जुळवताना काही बिघडलंच तर हाताशी असावं म्हणून घेतलेलं. ते कुणासाठी सांभाळतो आहे, हा प्रश्न मी बराच काळ स्वतःला विचारला नव्हता. आता विचारतो आहे, आणि उत्तर सोपं नाही.

आधी सांभाळण्याविषयीच सांगतो, कारण त्यात मी कुचराई केलेली नाही आणि माझी सगळी भिस्त त्याच समाधानावर होती.

इंजिन आणलं त्याच आठवड्यात जुनं तेल काढून नवं भरलं. पेट्रोल जळताना तयार झालेली आम्लं आणि पाणी जुन्या तेलात मिसळलेलं असतं. तेच तेल महिनोन्महिने लागून राहिलं तर बेअरिंगं खातं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, क्रँक हाताने सावकाश फिरवली, म्हणजे ते भिंतींवर सगळीकडे पोचलं. प्लगच्या जागी सिलिका जेलच्या नळ्या बसवल्या. त्यांचा रंग बदलला की दाणे भट्टीत तापवून पुन्हा कोरडे करता येतात. कूलंटच्या वाटा पूर्ण रिकाम्या केल्या. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातूंच्या मध्ये साधं पाणी साचून राहिलं की ॲल्युमिनियम झिजू लागतं. कार्बोरेटर काढून कोरडा केला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही.

यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट मला एका वयस्क मिस्त्रींनी शिकवली. चार सिलिंडरचं इंजिन कुठल्याही स्थितीत थांबवा, एखादा तरी व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्या फटीतून ओली हवा थेट सिलिंडरमध्ये जाते. म्हणून त्यांनी रॉकर शाफ्टचे बोल्ट सैल करायला लावले. रॉकरचा दाब गेला की आठही व्हॉल्व्ह आपापल्या जागी बसतात, सिलिंडर बंद होतात आणि स्प्रिंगांवरचा ताणही कमी होतो. मग इनटेक आणि एक्झॉस्टच्या तोंडांना गॅस्केट लावून पत्र्याच्या चकत्या आवळल्या. चिंध्या कोंबायच्या नाहीत, असं ते बजावून म्हणाले होते. चिंधी ओलावा धरून ठेवते, आणि काढायची विसरली तर इंजिन चालू करताना आत ओढली जाते. चकत्या नसत्या तर एकट्या कुंभारणीनेही घात केला असता. आमच्या शेडमध्ये ही माशी कुठल्याही भोकात मातीचं घर बांधते.

बरेच जण सुचवतात की महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालू करत जा. हा सल्ला चुकीचा आहे हे मी प्रत्येकाला पटवून देतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पुरेसं तापलं तर त्याची वाफ धुराबरोबर निघून जाते, पाच मिनिटांत ते पाणी आतच थबकतं. त्यापेक्षा प्लगच्या भोकांतून तेलाचे थेंब सोडून क्रँक हाताने फिरवावी आणि दर वेळी निराळ्या जागी थांबवावी. सैल रॉकरला हात लावायचा नाही. तेल न सोडता फिरवली तर रिंगा उरलासुरला थरही खरवडून काढतात.

हे सगळं मी आवडीने करतो. पण नीट सांभाळणं आणि योग्य कारणासाठी सांभाळणं या दोन गोष्टी मी एकच मानत आलो. इंजिनावर गंजाचा ठिपका नाही, एवढ्यावर माझं मन निश्चिंत होत असे. गंज नसणं हा माझ्या हेतूच्या चांगलेपणाचा पुरावा होऊ शकत नाही.

हे इंजिन टॅक्सीचं. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्याच्या आधीच्या काही वर्षांत या गाड्या एकामागून एक तोडायला गेल्या. मी हे कुर्ल्यात घेतलं, वजनावर. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखानाही कुर्ल्यातच होता. जिथे हे इंजिन घडलं असेल त्याच उपनगरात ते किलोच्या भावाने तोललं जाताना मी उभा होतो आणि मनापासून हळहळलो होतो. टॅक्सीची नोंदणी रद्द झाल्याच्या कागदाची प्रत मिळेपर्यंत मी इंजिन उचललं नाही. नंबर असलेलं आणि कागद नसलेलं इंजिन चोरीचं असू शकतं, म्हणून. इथवर माझं वागणं मला आजही मान्य आहे.

त्या दिवशी मनात शब्द होता, वाचवलं. भट्टीत जाणारं एक इंजिन वाचवलं. हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला की मालकीचा विचार त्याच्याआड गेला. वाचवणाऱ्याला वाचवलेल्या वस्तूवर हक्क मिळतो का? पैसे मी दिले, कागद माझ्याकडे आहे, कायद्याने ते माझंच. पण वाचवण्याचा अर्थ एवढाच असेल की भट्टीऐवजी ते माझ्या शेडमध्ये थांबेल, तर त्याच्या कामाच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणं फारशी वेगळी नाहीत. १०८९ सीसीचं हे यंत्र चार माणसांना आणि त्यांच्या सामानाला घाट चढवून नेण्यासाठी बनलं आहे. कापडाखाली ते ही गोष्ट करत नाही.

याहून अवघड आहे ते बाकावरच्या मूळ इंजिनाविषयी. या इंजिनाचा बोअर मुळात अडुसष्ट मिलिमीटर. आमचा झिजला आहे, एका सिलिंडरमध्ये आडवी कड हाताला लागते. हे दुरुस्त होऊ शकतं. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवता येतात, किंवा स्लीव्ह घालता येतात. पण त्याआधी ब्लॉकला कुठे तडा आहे का हे तपासून घ्यायला हवं, आणि ती तपासणी मी पुढे ढकलत आलो. तपासणीला फार पैसे लागत नाहीत आणि करून देणारे कारागीर तासाभराच्या अंतरावर आहेत. मग का ढकलली? खरं उत्तर असं की दुसरं इंजिन घरात असल्यामुळे तो प्रश्न विचारण्याची निकड उरली नाही. ब्लॉक चांगला निघाला तर दुसऱ्या इंजिनाची गरज संपते. तडा निघाला तर वडिलांच्या गाडीचं हृदय गेलं हे मान्य करावं लागतं. न तपासता दोन्ही माझ्याकडे राहतात. माणूस किती निगुतीने एखादा प्रश्न झाकून ठेवतो, हे मी या एका गोष्टीत पाहिलं. वरून तो संयम दिसतो, घाई नको, नीट करू. आतून ती भीती असते, आणि हाव.

हाव हा शब्द मी लिहायचं टाळत होतो. संग्रह म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं.

दुसरं इंजिन आहे म्हणून पहिल्याकडे पाहण्याची माझी नजरही बदलली. पूर्वी मूळ इंजिनाचा अडकलेला नट असला तर मी तेल सोडून दोन दिवस थांबत असे. आता मनात पटकन येतं, तुटला तर तुटला, तिकडे दुसरा आहे. दुसरं म्हणून आणलेलं पहिल्याला सावकाश स्वस्त करत जातं. पुढचा मोहही ठरलेला आहे. दुसऱ्याचा वॉटर पंप काढावा, मग डिस्ट्रिब्युटर, मग एखादा रॉकर. प्रत्येक वेळी कारण पटण्याजोगं असतं, आणि शेवटी उरतो तो नंबर कोरलेला बिडाचा ठोकळा. मी अजून काही काढलेलं नाही. पण हात तिकडे जातो, हे मला ठाऊक आहे.

नंबरांविषयीही स्वतःशी स्वच्छ बोलायला हवं. ही गाडी आता पन्नास वर्षांहून जुनी आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची तरतूद झाली. गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी तिची अट आहे. त्या नोंदणीच्या नंबरात व्हीए ही अक्षरं असतात, आणि ती मला हवी आहेत. नंबर घासून दुसरा ठोकणं हा गुन्हा आहे आणि तो विचार माझ्या मनात कधीही आला नाही. पण त्याहून सौम्य, कायद्याच्या तावडीत न येणारं खोटं शक्य आहे. टॅक्सीचं इंजिन बसवून, त्याची नोंद आरसीत रीतसर करून घेऊन, एखाद्या मेळाव्यात कुणी विचारलं की गाडी सगळी ओरिजिनल का हो, तर नुसतं हसून बॉनेट उघडायचं. समोरचा स्वतःच समजूत करून घेईल. हे मी मनातल्या मनात करून पाहिलं आहे, आणि ते मला सोपं गेलं. याची मला लाज वाटते.

मग पेणच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची पद्मिनी आत्तापर्यंत चालती होती. बायकोला दवाखान्यात न्यायला, बाजाराला तीच. तिचं इंजिन आता दुरुस्तीपलीकडे गेलंय आणि माझ्याकडे एक आहे असं त्यांनी मिस्त्रींकडून ऐकलं होतं. "अहो, विकणार असाल तर सांगा. किंमत तुम्ही ठरवा," एवढंच म्हणाले. मी त्यांना म्हणालो, विचार करून कळवतो, माझं काम अर्धवट आहे, लागलं तर पंचाईत होईल. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. तरीही फोन ठेवल्यावर मला कळलं की मी त्यांना कारण दिलं नाही, सबब दिली. कारण हे होतं की ते इंजिन माझ्या शेडमध्ये असलेलं मला आवडतं.

कारखाना बंद झाला आहे. नवी इंजिनं येणार नाहीत. जेवढी उरली आहेत त्यातलं एक कुणी झाकून ठेवलं की एक चालती गाडी कमी होते, इतका हा साधा हिशेब आहे. दुसरी बाजूही खरी आहे. कुणीच काही राखून ठेवलं नाही तर वीस वर्षांनी एकही गाडी दुरुस्त होणार नाही. राखणाऱ्यांचं ऋण मी मानतो, मला स्वतःला लागलेले कितीतरी सुटे भाग अशाच कुणाच्या तरी माळ्यावर टिकलेले होते. पण त्या माणसांनी ते मला दिले. राखणं तिथे पूर्ण झालं. माझं राखणं देण्याच्या टप्प्याशी येऊन अडलं होतं.

याचा पुरावा मला इंजिनावरच सापडला. इनटेकच्या चकतीला मी एक चिठ्ठी बांधली आहे, कधी काय केलं याची. ती वाचताना लक्षात आलं की ती माझ्याखेरीज कुणालाच समजणार नाही. "रॉ. सै.", "ते. न.", "चकत्या ४, मागचा वेगळा" अशा खुणा. इंजिन दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल, ही शक्यता ते साठवताना माझ्या मनात क्षणभरही शिरली नव्हती. नव्या माणसाने ती चिठ्ठी पाहून, रॉकर सैल आहेत हे न कळता, स्टार्टर मारला असता तर?

ब्लॉक परवा तपासणीला पाठवतो आहे. तो धड निघाला तर बोअर करून तोच गाडीत बसेल, आणि दुसरं इंजिन पेणला जाईल. किंमत मी दिली तेवढीच, वर सिलिका जेल आणि तेलाचा खर्चही नाही. तडा निघाला तर दुसरं माझ्या गाडीत बसेल, आरसीत तशी नोंद होईल, व्हीए नंबराचा अर्ज मी करणार नाही, आणि जो विचारेल त्याला आधीच्या टॅक्सीचा नंबरही सांगेन. पेणच्या गृहस्थांना हे दोन्ही काल फोनवर सांगितलं. ते म्हणाले, थांबतो. तडा निघू नये असं मला वाटतं, आणि तसं वाटण्यात दुसरं इंजिन गमावण्याची तयारी आता आहे की नाही, हे निकाल हातात आल्यावरच कळेल.

चिठ्ठी मात्र आज नव्याने लिहिली, मोठ्या अक्षरांत, पूर्ण वाक्यांत. इंजिन चालू करण्याआधी रॉकर शाफ्टचे बोल्ट आवळावेत आणि टॅपेटचं अंतर पुन्हा लावावं. इनटेक आणि एक्झॉस्टवरच्या पत्र्याच्या सर्व चकत्या काढाव्यात. चारही सिलिंडरमध्ये तेल सोडलेलं आहे, म्हणून प्लग न लावता आधी हाताने फिरवावं. कूलंट नाही. सम्पमधलं तेल साठवणीचं आहे, ते बदलावं. कार्बोरेटर शेजारच्या लाकडी पेटीत आहे. शंका असल्यास विचारावं, आणि खाली माझा नंबर.