वधूचा होकार कोणत्या रकान्यात?

नमुना 'ड' नावाच्या कागदावर खालच्या बाजूला एक जागा माझ्यासाठी राखलेली असते. विवाह लावणाऱ्या पुरोहिताचं नाव, वय, पत्ता, सही. फुलंब्री आणि आसपासच्या गणोरी, पाल, आळंद, वडोद बाजार या गावांत मी लग्नं लावतो. त्यांतल्या पुष्कळांचा फोन लग्नानंतर काही महिन्यांनी येतो, "महाराज, तेवढी तुमची सही राहिली बघा. पोराला सर्टिफिकेट मागायलेत." कायद्यात नोंदणीला नव्वद दिवस आहेत, पण पासपोर्ट किंवा नोकरी आडवी येईपर्यंत ते दिवस इकडे कोण मोजतं? मग मी कधी नगरपंचायतीत, कधी त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन बसतो. टेबलावर लग्नपत्रिका, हार घातलेला फोटो, दोघांच्या टीसी, आधारच्या झेरॉक्स, कोर्ट फीचं तिकीट. तीन साक्षीदार, त्यांत मुलाचा मामा हमखास. पत्रिकेत मुहूर्त बारा पस्तीसचा छापलेला असतो आणि वरात दोन वाजेपर्यंत मारुतीच्या पारावर नाचत असते. रजिस्टर मुहूर्त विचारतच नाही, तारीख विचारतं. त्या बाबतीत सरकार माझ्यापेक्षा सुखी आहे.

मध्यंतरी माझा भाव एकदम वधारला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका जोडप्याचं प्रकरण आलं, दोघंही विमानचालक. कुठल्याशा संस्थेकडून लग्न झाल्याचा दाखला घेतलेला, त्यावर सरकारी नोंदणीही केलेली, पण विधी काहीच झालेला नव्हता. न्यायालयाने ते लग्न मानलं नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम चालीरीतीप्रमाणे विधी मागतं. विधीच नसेल तर नोंदणी लग्न निर्माण करू शकत नाही. याच न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा, असं राज्यांना बजावलं होतं. पण नोंदणी राहिली म्हणून झालेलं लग्न मोडत नाही, हे आठव्या कलमात लिहिलेलंच आहे. एका ओळखीच्या वकिलांनी मला हे सगळं समजावलं आणि वर म्हणाले, "म्हणजे बघा महाराज, लग्न तुम्ही लावायचं, सरकारने फक्त लिहून ठेवायचं."

ऐकायला बरं वाटलं. पण या वाटणीत एक काम कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही, ते म्हणजे मुलीला विचारण्याचं.

नमुना 'ड'वर तिची सही असते, खरं आहे. लग्नापूर्वीचं नाव, वय, अविवाहित की विधवा की घटस्फोटित, सगळं असतं. पण ती सही अमुक तारखेला अमुक ठिकाणी लग्न झालं एवढीच ग्वाही देते. ते आपल्या मनाने झालं का, असा रकाना १९९८ च्या आपल्या राज्याच्या कायद्याखालच्या त्या कागदात नाही. जबरदस्तीने किंवा फसवून होकार घेतला असेल तर कोर्टात जाऊन लग्न रद्द करून घेता येतं, जबरदस्ती संपल्यापासून वर्षाच्या आत. म्हणजे होकार धरूनच चालायचं; नव्हता, हे तिने मागाहून वकील लावून सिद्ध करायचं.

आणि माझ्या पोथीत? पोथी मला पाठ आहे, म्हणून सांगतो. कन्यादानाला वडील पाणी सोडतात. धर्म, अर्थ, काम यांत हिचं उल्लंघन करू नकोस, असं ते जावयाला सांगतात आणि तो 'नातिचरामि' म्हणतो. हे वचन ज्या मुलीबद्दल असतं ती शेजारीच पाटावर बसलेली असते, पण ते दिलं जातं तिच्या बापाला. मग लाजाहोम. भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो, ती त्या अग्नीत सोडते. त्या वेळच्या मंत्रात तिची इच्छा सांगितलेली आहे, नवऱ्याला दीर्घायुष्य लाभो अशी. पण 'ही स्त्री असं म्हणते' अशा रचनेत. म्हणणारं तोंड नवऱ्याचं, आणि त्याला येत नसेल तर माझं. सहाणेवर पाय ठेवायचा तो तिने, दगडासारखी स्थिर राहा असं सांगायचं त्याने. सप्तपदीतही तेच, पावलं तिची आणि शब्द त्याचे. सातवं पाऊल पडलं की कायद्याच्या लेखी लग्न पूर्ण. एवढ्या वेळात तिने स्वतःहून एक वाक्य उच्चारलं नसलं तरी विधीत काही खोट राहत नाही. उखाणा घेते तेवढाच तिचा आवाज, आणि तो माझ्या विधीत बसत नाही. तो बायकांचा.

आमच्या मराठवाड्यात लग्नमंडपातला सगळ्यांत प्रसिद्ध नकार एका मुलाचा आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबचा नारायण अंतरपाटामागे उभा होता, ब्राह्मणांनी 'सावधान' म्हटलं आणि तो बोहल्यावरून पळाला, अशी कथा आहे. वय बारा. पुढे तो समर्थ रामदास झाला. ही कथा मी कीर्तनांत लहानपणापासून ऐकत आलोय आणि दर वेळी लोक कौतुकाने माना डोलावतात. बोहल्याच्या दुसऱ्या बाजूला जी मुलगी उभी होती तिचं पुढे काय झालं, हे कुठल्या कीर्तनकाराने मला सांगितलेलं नाही. आणि पळाली ती असती तर? तिच्या नावाने मठ निघाला नसता एवढं मी खात्रीने सांगतो.

माझे वडीलही भिक्षुकीच करत. मुलीला विचारायचं का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर तयार असे, आणि ते हलकं नव्हतं. ते म्हणत, लग्न हा संस्कार आहे, करार नाही. बारशाला बाळाला विचारतो का, हे नाव चालेल का म्हणून? मुंजीत बटूला विचारतो का? संस्कार माणसावर आधी होतो, त्याचा अर्थ त्याला नंतर, जगता जगता कळतो. होकार म्हणजे त्या क्षणीची लहर; ती उद्या फिरेल, संस्कार फिरणार नाही. यात तथ्य आहे. बोहल्यावर 'हो' म्हणणाऱ्याला तरी आपण कशाला हो म्हणतोय ते कुठे कळलेलं असतं? मला कळलं नव्हतं, माझ्या बायकोलाही नसावं.

तरी मला ते पुरं पडत नाही. बारशाचं बाळ बोलू शकत नाही म्हणून आपण विचारत नाही. मुलगी बोलू शकते. शिवाय वडिलांना ज्याचा आधार वाटे त्या ऋग्वेदातच वेगळी खूण आहे. दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात सविता आपल्या मुलीला, सूर्येला, पतीच्या हाती देतो. तिथे ऋषीने आवर्जून नोंदवलंय की तिच्या मनातून संमती होती. दान आहे, पण मनाने राजी असलेल्या मुलीचं. पुढे मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार आले आणि ज्यात दोघांची इच्छा हाच पाया आहे, तो गांधर्व बराच खाली बसवला गेला. आम्ही सूक्त म्हणत राहिलो, सूर्येचं मन मात्र तिथेच ठेवून पुढे आलो.

इतरांकडे पाहिलं तर आपली वाट एकमेव नाही हे दिसतं. माझ्या एका मुसलमान मित्राच्या मुलीचा निकाह झाला तेव्हा वकील आणि दोन गवाह आधी आत, बायकांच्या खोलीत गेले. मेहेरची रक्कम सांगून तिला विचारलं, तिने कबूल म्हटलं, आणि मगच बाहेर नवऱ्याला विचारलं. मित्राला मी म्हटलं, तुमचं बरं आहे. तो हसला. "आत पंधरा मावश्या बसलेल्या, ती काय नाही म्हणणार आहे?" तेही खरंच. पण प्रश्न तरी होता, आणि कधीतरी एखादी त्याचं उत्तर देऊ शकते. इकडच्या बौद्ध लग्नांत त्रिसरण-पंचशील झालं की वधू आणि वर दोघंही आपापल्या प्रतिज्ञा म्हणतात. आणि जोतीराव फुल्यांनी तर आमच्याच मंगलाष्टकांच्या चौकटीत हे घडवलं. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी भटजीशिवाय लग्न लावलं, आणि पुढे लिहिलेल्या विधीत वधूला वराशी थेट बोलायला लावलं. ती स्त्रियांचे हक्क मागते, तो देण्याची शपथ घेतो. माझ्या व्यवसायावरच त्यांचा रोख होता, म्हणून आमच्या घरात त्या विधीचं पुस्तक कधी आलं नाही. मी ते उशिरा, शहरातल्या ग्रंथालयात वाचलं आणि मनात म्हटलं, दक्षिणा गेली तरी चालेल, एवढा भाग उसना घ्यायला हवा.

राहिलं सरकार. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात अग्नी नको, पुरोहित नको. जिल्ह्याच्या ठिकाणी विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार पुरतात. विधी हवा तो करा, पण दोघांनी एकमेकांना उद्देशून, आपल्याला कळणाऱ्या भाषेत, मी तुझा पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो-करते असं म्हटल्याशिवाय ते लग्न पुरं होत नाही. माझ्या पोथीने जे तिच्याकडून कधी मागितलं नाही, ते एका सरकारी टेबलाने मागितलं.

फार मोठेपणाही द्यायला नको. याच्या आधीचा १८७२ चा कायदा आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध वगैरे कोणताच धर्म मानत नाही असं लिहून घेतल्याशिवाय लग्न लावत नसे. होकार हवा तर देव सोडा. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना त्यातून सूट मिळाली. डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांनी १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच लग्न केलं. आजच्या कायद्यातही तीस दिवसांची नोटीस आहे, आणि ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. मुलीला मोकळेपणाने बोलू द्यायचं आणि बोलण्याआधी महिनाभर तिचं नाव भिंतीवर टांगायचं. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलीला त्या तीस दिवसांत काय सोसावं लागतं हे ग्रामीण भागात कोणाला सांगायला नको.

तरीही मी नोंदणीच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण शकुंतला. कण्वाच्या आश्रमात तिचं लग्न तिच्या पूर्ण मर्जीने झालं. होकार होता, अटही तिने घातली, मुलालाच राज्य मिळावं अशी. नव्हता तो पुरावा. महाभारतात ती मुलाला घेऊन दरबारात उभी राहते, दुष्यंत सरळ नाकारतो, आणि शेवटी आकाशवाणीला साक्षीला यावं लागतं. कालिदासाने अंगठी आणली, तीही माशाच्या पोटात गेली. सोडून दिलेल्या बायका दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत येतात तेव्हा मला हे आठवतं. तीनशे माणसं जेवून गेलेली असतात, पण पोटगीच्या दाव्यात माझ्या होमातला अग्नी साक्ष द्यायला येत नाही. कागद येतो.

होकारही हवा आणि कागदही, मग माझं काम काय उरतं? विचारण्याचं, असं मी ठरवलं. त्याला निमित्त कायद्यानेच दिलं. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात अल्पवयीनाचं लग्न लावणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ऊसतोडीला जाण्याआधी पोरीचे हात पिवळे करण्याची घाई मराठवाड्यात नवी नाही. तेव्हा टीसी पाहिल्याशिवाय मी पंचांग उघडत नाही, हे आता सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. टीसी बघायला घरी जातोच, तर मुलीशीही बोलतो. बाप ओसरीवर, आई चुलीपाशी, आणि मी तिला मराठीत विचारतो, "बाई, हे लग्न तुला करायचंय का?"

एक आजोबा यावर चांगलेच चिडले होते. "महाराज, पोरगी नाही म्हणली तर? वाजंत्री सांगितली, आचारी सांगितला, त्याची भरपाई तुम्ही देता का?"

"म्हणूनच पत्रिका छापायच्या आधी विचारायलोय, आजोबा."

त्यांची नात दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एकोणीस पूर्ण, कागद सगळे चोख, मुलगाही तिला पसंत. ती म्हणाली, "करायचंय. पण बीएचं शेवटचं वर्ष झाल्यावर." आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे मीच तिला पढवलं होतं. मी पंचांगाची पानं उलटली आणि पुढच्या वैशाखातल्या तारखा काढायला घेतल्या.