न ऐकू येणाऱ्याचा हिशेब

एका सेकंदाचं बोलणं मोजक्या बिट्समध्ये बसवायला क्रे-१ या महासंगणकाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असे. १९८० च्या दशकात बेल लॅब्जमध्ये मानफ्रेड श्रोडर आणि मूळचे कानपूरचे बिष्णू अटल यांनी मांडलेल्या ‘सेल्प’ या पद्धतीची ही गोष्ट. दर पाच मिलिसेकंदांच्या तुकड्यासाठी संगणक १०२४ नमुने एकेक करून लावून बघायचा, प्रत्येकातून आवाज पुन्हा घडवायचा आणि मूळ आवाजाशी ताडायचा. सेकंदाला दोन लाखांवर चाचण्या! शिवाय हे ताडणं म्हणजे साधी वजाबाकी नव्हती. मूळ आवाज ज्या कंपनसंख्यांवर जोरकस असतो तिथली चूक त्याच्याआड दडते. जिथे तो क्षीण असतो तिथे तेवढीच चूक कानाला खुपते. म्हणून प्रत्येक चूक आधी कानाच्या मापाने मोजायची आणि मगच नमुना निवडायचा.

पुढे यंत्रं वेगवान झाली, पण नुसत्या वेगाने हे काम आवाक्यात आलं नाही. कॅनडातल्या शेरब्रुक विद्यापीठातल्या संशोधकांनी नमुन्यांनाच बीजगणिती शिस्त लावली. ज्या नमुन्यात बहुतेक ठिकाणी शून्यच आहे, तो तपासायला गुणाकार फारच थोडे लागतात. ही सुधारित पद्धत मग मोबाइल फोनमध्ये आली.

संगीताचा मामला अधिक अवघड. सीडीवरचं संगीत सेकंदाला १४,११,२०० बिट्स घेतं. १२८ किलोबिटच्या एमपी३ मध्ये त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. मूळ ध्वनी जसाच्या तसा राखून, फक्त पुनरुक्ती काढून, आकार साधारण निम्म्यापर्यंतच आणता येतो. त्यापुढची सगळी बचत एकाच प्रश्नावर उभी आहे: यातलं काय ऐकूच येणार नाही? हार्वी फ्लेचर आणि एबरहार्ड त्स्विकर यांच्या प्रयोगांनी दाखवून दिलं होतं, की कान ध्वनीचे पट्टे पाडून ऐकतो (त्स्विकर यांनी असे २४ मोजले) आणि एका पट्ट्यातला मोठा आवाज आपल्याजवळच्या लहान आवाजाला झाकून टाकतो. सूत्र म्हणून हे लिहायला सोपं आहे. गाण्याच्या प्रत्येक क्षणाला ते लावायचं म्हटलं, की खर्च सुरू होतो.

या खर्चातला सगळ्यात कळीचा भाग म्हणजे स्वर आणि गोंगाट वेगळे ओळखणं. गोंगाट स्वराला सहज झाकतो, स्वर मात्र गोंगाटाला झाकायला फार कमी पडतो. तानपुऱ्याच्या स्थिर सुराखाली थोडीशी खरखरही लपत नाही. झांजेच्या झणत्काराखाली बरंच काही खपून जातं. हे कळण्यासाठी एमपी३ मानकातल्या कानाच्या गणिती नमुन्यांपैकी दुसरं ‘श्रवण-प्रारूप’ प्रत्येक कंपनसंख्येचं वागणं मागच्या दोन तुकड्यांवरून वर्तवून पाहतं. भाकीत खरं ठरलं तर स्वर, फसलं तर गोंगाट. प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ७६ हून अधिक वेळा हे चालतं. त्यानंतर एकात एक गुंतलेली दोन आवर्तनं फिरतात: आतलं बिट्सची मर्यादा सांभाळतं, बाहेरचं प्रत्येक पट्ट्यातली चूक कानाच्या उंबरठ्याखाली आहे का ते तपासतं, आणि नसेल तर आतल्याला पुन्हा कामाला लावतं.

हा सगळा भार कोणी उचलायचा, याचा निर्णय मानक ठरवणाऱ्यांनी फार विचारपूर्वक घेतला, आणि एमपी३च्या यशाचं श्रेय त्याला पुरेसं दिलं जात नाही. मानकाने बांधून दिलं ते फाइलचं रूप आणि ती उलगडण्याची रीत. कानाची प्रारूपं फक्त नमुन्यादाखल, परिशिष्टात. गाणं वाजवणाऱ्या यंत्राला कानाविषयी काहीही ठाऊक असावं लागत नाही. गाणं एकदा आवळलं जातं आणि लाखो वेळा ऐकलं जातं. मग महागडा विचार त्या एकदाच्या वेळी करावा, हे सरळ शहाणपणाचं आहे. म्हणूनच १९९८ मध्ये मानकाच्या प्रात्यक्षिक प्रणालीची डागडुजी म्हणून सुरू झालेला ‘लेम’ हा एन्कोडर (आवळणारा प्रोग्रॅम) वर्षानुवर्षं आपलं श्रवण-प्रारूप सुधारत राहू शकला. जुन्या प्लेअरमध्ये तसूभरही बदल न करता त्याच प्लेअरवर गाणी अधिक चांगली वाजू लागली.

प्रारूपाची एक किंमत मात्र संगणकाच्या हिशेबात कधी येत नाही. एमपी३ घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी गायिका सुझॅन वेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं, ते उगाच नव्हे. वाद्यांची साथ नसलेला तो एकटा आवाज आवळल्यावर बिघडत होता, कारण चूक लपायला आडोसाच नव्हता. कॅस्टनेट या स्पॅनिश वाद्यानेही असाच घाम काढला. आपल्या चिपळ्यांसारखा त्याचा ठोका क्षणात उमटतो. पण गणित तुकड्यातुकड्याने चालत असल्याने चूक ठोक्याच्या आधीच्या शांततेत पसरते आणि ऐकू येते. त्यावर अशा जागी तुकडे लहान करण्याचा उपाय निघाला. अशा खाचाखोचा माणसांनी शेकडो तास कान देऊन शोधल्या.

ब्लूटूथने हा सगळा हिशेब उलटा केला. फोनवरून बिनतारी इअरफोनकडे गाणं पाठवताना आवळण्याचं काम प्रत्येक ऐकणाऱ्याच्या फोनला तत्क्षणी, बॅटरी खर्च करून करावं लागतं. म्हणून त्यातल्या अनिवार्य ‘एसबीसी’ पद्धतीत ध्वनीचे फार तर आठ पट्टे पडतात आणि कानाच्या जागी एक ठरीव कोष्टक असतं. कष्टाने, कानाचा विचार करून आवळलेलं गाणं आधी उलगडायचं आणि असा विचार न करणाऱ्या पद्धतीने पुन्हा आवळायचं, हे श्रोत्यावर अन्यायच आहे. केवळ सोयीपायी त्याची सवय झाली आहे.

२०१२ मध्ये मानक झालेल्या ‘ओपस’ या आवाज आवळण्याच्या पद्धतीने वेगळी वाट काढली. संगीतासाठीच्या त्याच्या भागात कानाचं ज्ञान रचनेतच कोरलेलं आहे: पट्ट्यांच्या सीमा श्रवणाच्या पट्ट्यांना धरून आखल्या आहेत, प्रत्येक पट्ट्याची ऊर्जा जपून पाठवली जाते आणि बिट्सची मूळ वाटणी पाठवणारा व घेणारा या दोघांनाही आधीच ठाऊक असते. त्यामुळे दर क्षणी कानाचं पूर्ण गणित मांडावं लागत नाही. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज याच ओपसमध्ये असतात. तरीही स्वर आणि गोंगाट यांतला फरक गोठवलेल्या कोष्टकात मावला नाहीच. २०१३ च्या अखेरीस आलेल्या १.१ आवृत्तीत स्वर ओळखण्याचं विश्लेषण पुन्हा आणलं गेलं, फक्त एन्कोडरच्या बाजूला. मेहनत किती करायची हे ० ते १० या पातळ्यांतून निवडता येतं. खालच्या पातळ्यांवर हे विश्लेषण गाळलं जातं, आणि विश्लेषण करून वा न करता आवळलेला आवाज एकच डीकोडर (उलगडणारा प्रोग्रॅम) वाजवतो.