श्रुतलेखकाचा विराम आणि शब्दप्रमाणाची मर्यादा

शब्द हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे असे न्यायदर्शन मानते. मात्र तो शब्द आप्ताचा असला पाहिजे, अशी अट घालते. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे जे लक्षण सांगितले आहे त्यात दोन गोष्टी येतात: ज्या विषयाबद्दल बोलायचे तो त्याने स्वतः जाणलेला असावा, आणि जसा जाणला तसाच तो दुसऱ्याला कळावा अशी त्याची इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो आवर्जून नोंदवतो. या विवेचनात जाणणारा आणि सांगणारा एकच आहे, हे गृहीत आहे. परंतु जाणणारा एक, ऐकून लिहिणारा दुसरा आणि ते वाचून कृती करणारा तिसरा असेल, तर त्या लिखित शब्दाचे प्रामाण्य कोणाच्या आप्तत्वावर उभे राहते, हा प्रश्न मागे उरतो. आणि वैद्यकीय नोंदींच्या क्षेत्रात तो रोजच्या रोज, तोही स्वल्पविराम, दशांशचिन्ह आणि रोगनाम अशा किरकोळ वाटणाऱ्या जागी, उभा राहत असतो.

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणजे डॉक्टरने तपासणीनंतर तोंडी सांगितलेला मजकूर ध्वनिमुद्रणावरून ऐकून त्याची लिखित नोंद तयार करणे. त्याला येथे वैद्यकीय श्रुतलेखन म्हटले आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांचे हे काम मोठ्या प्रमाणावर भारतातील शहरांकडे आले आणि इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या हजारो पदवीधरांना त्यातून रोजगार मिळाला. कामाची मोजणी ओळींवर होत असे, आणि ओळ म्हणजे सर्वसाधारणपणे ६५ अक्षरचिन्हे. ज्याने रुग्ण कधी पाहिला नाही, त्याला लागलेली धाप ऐकली नाही, अशा माणसाने त्याच्या रोगाची कागदोपत्री भाषा घडवायची, असा हा व्यवहार होता. वात्स्यायनाच्या कसोटीने पाहता श्रुतलेखकाने साक्षात जाणलेली वस्तू एकच असते, ती म्हणजे कानावर पडलेला ध्वनी. रोगाविषयी तो आप्त नाही. काय बोलले गेले, एवढ्यापुरताच तो आप्त आहे.

लेखनिकाच्या या अवघड स्थितीचा विचार परंपरेने एका कथेत करून ठेवला आहे. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने ते लिहून घ्यायचे ठरले, तेव्हा आपली लेखणी मध्येच थांबता कामा नये, अशी अट गणपतीने घातली आणि अर्थ कळल्याखेरीज एकही अक्षर लिहू नये, अशी उलट अट व्यासांनी घातली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ संहितेबाहेर काढलेली आहे, म्हणजे ती उत्तरकालीन भर आहे. पण प्रक्षेप झाला म्हणून तिचे मोल कमी होत नाही. उलट लेखनिकांच्याच पिढ्यांनी आपल्या धंद्याचे तत्त्वज्ञान ग्रंथाच्या दारात आणून ठेवले असावे, असे मानण्यास जागा आहे. गणपतीची अट वेगाची आहे आणि व्यासांची अट आकलनाची. गणपती अर्थ लावण्यासाठी जेवढा वेळ घेई तेवढ्यात व्यास पुढची रचना करीत. ओळीमागे पैसे मोजणाऱ्या व्यवस्थेने यांपैकी पहिली अट तेवढी उचलली. तथापि दुसरी अटही वाटते तितकी निर्धोक नाही, कारण ज्याला अर्थ कळतो तो बोललेले लिहिण्याऐवजी आपल्याला कळलेले लिहू लागतो.

हा धोका समजण्यासाठी परदेशी ध्वनिमुद्रणापर्यंत जाण्याची गरज नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या वणीत बाह्यरुग्ण विभागातील प्रत्येक केसपेपर हे एक श्रुतलेखनच असते. या परिसरात कापसाची शेती आहे आणि कोळशाच्या खाणीही आहेत. वऱ्हाडी बोलणारा शेतकरी, कोलामी मातृभाषा असलेला मजूर आणि तेलंगणाच्या सीमेमुळे तेलुगू जाणणारे कुटुंब एकाच रांगेत उभे असू शकते, आणि तिघांचेही सांगणे टेबलापलीकडे पोहोचताच इंग्रजी संज्ञांत बसवले जाते. समजा, एखादा रुग्ण सांगतो, ‘दम लागत नाही चालतानी छातीत दुखते.’ कागदावर ‘नाही’ नंतर विराम पडला तर चालताना छातीत दुखते, म्हणजे श्रमाबरोबर येणारी वेदना, असा अर्थ होतो. विराम ‘चालतानी’ नंतर पडला तर चालताना धाप लागत नाही, पण छातीत मात्र दुखते, आणि ते बसल्या जागीही दुखत असण्याची शक्यता खुली राहते. विश्रांतीतही उद्भवणारी छातीतील वेदना हृदयरोगात अधिक तातडीची मानली जाते, त्यामुळे रुग्णाला औषध देऊन घरी पाठवायचे की लगेच चंद्रपूर-नागपूरकडे रेफर करायचे, हा निर्णय या एका विरामाशी बांधला जाऊ शकतो. संस्कृत टीकाकार अशा मधल्या पदासाठी देहलीदीपन्याय सांगतात: उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो आणि बाहेरही. काव्यात दोन्हीकडे पडलेला उजेड हा गुण ठरतो. केसपेपरात मात्र दिवा कोणत्या बाजूचा, हे कोणाला तरी ठरवावेच लागते, आणि ते रुग्णाने ठरवलेले नसते, कारण बोलणाऱ्याच्या तोंडी विरामचिन्हे नसतात. त्याच्याजवळ श्वास असतो, सूर असतो, घुटमळणे असते.

मराठी लेखनालाही विरामचिन्हांची सवय फार जुनी नाही. मोडी दफ्तरांत शब्द तोडण्याचीच रीत नव्हती, तेव्हा वाक्य तोडण्याचा प्रश्न दूरच राहिला. आजची इंग्रजी वळणाची चिन्हे मेजर टॉमस कँडी यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकात रुळली. मोडी वाचणारा कारकून अर्थावरून विराम शोधी, तर आजचा वाचक विरामावरून अर्थ शोधतो. चिन्ह घालणाऱ्याकडे त्यामुळे पूर्वी कधी नव्हता एवढा अधिकार आला आहे. (मराठीत लेखनातील फेरफाराचे उदाहरण म्हटले की ‘ध चा मा’ आठवतो, पण ती आख्यायिका हेतूची आहे, आणि हेतुपुरस्सर केलेला बदल तत्त्वज्ञानापेक्षा फौजदारीचा विषय असतो. येथे विचार करायचा आहे तो प्रामाणिक लेखनिकाचा.)

वाक्याचा अर्थ कसा कळतो, याचे उत्तर देताना मीमांसक आणि नैयायिक यांनी तीन कारणे सांगितली: आकांक्षा, म्हणजे एका पदाला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्या पदाची असलेली गरज, योग्यता, म्हणजे त्या पदांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे, आणि सन्निधी, म्हणजे पदे विलंबाशिवाय लागोपाठ येणे. विरामचिन्ह हे सन्निधीचे लिखित रूप आहे, तर संज्ञांची निवड बहुतांशी योग्यतेवर चालते. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचे इंग्रजी नाव आणि कमरेच्या एका हाडाचे नाव कानाला सारखेच लागतात, देवनागरीत तर दोन्ही ‘इलियम’ असेच लिहिली जातात. गिळताना होणारा त्रास म्हणजे डिस्फेजिया आणि मेंदूच्या विकाराने वाणीत येणारा बिघाड म्हणजे डिस्फेझिया यांत फरक एका व्यंजनाचा आहे. रक्तदाब वाढला की उतरला, हे ‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांच्या अर्ध्या स्वरावर ठरते. अशा वेळी श्रुतलेखक मागचेपुढचे पाहतो: रक्तदाब ८० वर ५० असा सांगितला असेल, तर शब्द ‘हायपोटेन्शन’च असणार. येथपर्यंत योग्यता त्याला तारते.

पण योग्यता म्हणजे संभवनीयता नव्हे, आणि या दोहोंची गल्लत हेच या व्यवसायातील खरे तात्त्विक दुखणे आहे. नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण अग्नीने शिंपण्याचे आहे. शिंपणे अग्नीने होत नाही, म्हणून त्या वाक्यात योग्यता नाही. तेथे अर्थाला बाध येतो. उलट क्वचित आढळणाऱ्या रोगाच्या नावात बाध काहीच नसतो, ते केवळ अनपेक्षित असते. संभवनीयतेच्या भरवशावर चालणारा लेखनिक अनपेक्षिताला बाधित समजतो आणि विरळ रोगाच्या जागी ओळखीचा रोग लिहून मोकळा होतो. संख्यांच्या बाबतीत तर हा आधारही उरत नाही, कारण १५ आणि ५० हे दोन्ही आकडे वाक्यात सारखेच चपखल बसतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात २००८ मध्ये एका रुग्णालयातून पुनर्वसन केंद्रात पाठवलेल्या स्त्रीच्या कागदांत इन्सुलिनचे ८ युनिट हे ८० युनिट असे उतरले, तो डोस दिला गेला आणि ती दगावली. श्रुतलेखनाचे ते काम भारतात झालेले होते, आणि २०१२ मध्ये ज्युरीने १४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अशाच अनुभवांतून तेथील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ पासून काही लेखनरूपे वर्ज्य केली: एक मिलिग्रॅम लिहिताना पुढे दशांशचिन्ह आणि शून्य देऊ नये, कारण बिंदू पुसट झाला की १.० चे १० होतात, आणि अर्धा लिहिताना बिंदूआधीचे शून्य गाळू नये, कारण नुसत्या .५ चे ५ होतात. युनिटसाठी एकच इंग्रजी अक्षर लिहिण्यासही मनाई झाली, कारण ते शून्यासारखे दिसते. भारतातही २०१६ मध्ये वैद्यक परिषदेच्या नियमांत दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असे सांगितले गेले. हे सर्व नियम शहाणपणाचे आहेत, मात्र ते अक्षर वाचताना होणारी चूक टाळतात. ऐकताना होणारी चूक त्यांच्या आवाक्यात येत नाही.

आता हेच काम यंत्राकडे जात आहे आणि संभवनीयता हेच यंत्राचे सर्वस्व आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वाणी ओळखणाऱ्या एका बहुप्रचलित प्रणालीच्या सुमारे एक टक्का लेखनात कोणीही न उच्चारलेली वाक्ये घुसल्याचे आढळले, आणि मेंदूच्या विकाराने अडखळत बोलणाऱ्यांच्या, म्हणजे दीर्घ विराम घेणाऱ्यांच्या, ध्वनिमुद्रणात हे प्रमाण अधिक होते. सन्निधी तुटली की यंत्र ती भाषेने भरून काढते. माणूस विरामाच्या जागी चुकीचे चिन्ह घालतो. यंत्र तेथे वाक्यच घालते, आणि तेही व्याकरणशुद्ध.

यावर श्रुतलेखनाच्या शिस्तीत एक जुना उपाय आहे, तो म्हणजे रिकामी जागा. शब्द नीट कळला नाही तर तर्काने न भरता तेथे कोरी रेघ ठेवावी, ध्वनिमुद्रणातील वेळ नोंदवावी आणि तो कागद डॉक्टरकडे परत पाठवावा, असा दंडक आहे. ओळीवर पैसे मिळणाऱ्याला कोरी रेघ परवडत नाही, म्हणून ती कमीपणाची मानली गेली. वस्तुतः श्रुतलेखक ज्या एका बाबतीत निःसंशय आप्त आहे तिची ती साक्ष आहे. विदर्भाच्या भूमीवर या वृत्तीचे फार जुने उदाहरण सापडते. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून मिळवल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या आणि रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरपली, तेव्हा महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा जुळवली आणि जेथे दोघांचे स्मरण जुळेना तेथे एकाचे खरे मानून दुसऱ्याचे पुसून टाकण्याऐवजी पाठभेद ‘वासना’ म्हणून शेजारी नोंदवले. ज्यांच्या दृष्टीने ते शब्द प्रत्यक्ष ईश्वराचे होते, त्यांनीच ते नेमके कसे उच्चारले गेले याबाबतची अनिश्चिती लपवली नाही, ही गोष्ट श्रद्धा आणि प्रामाण्य यांच्या संबंधाविषयी बरेच सांगून जाते. आपल्या स्मरणाच्या सीमेपाशी थांबणे त्यांना अश्रद्धा वाटले नाही.

मात्र कोऱ्या रेघेचा न्याय सर्वत्र पुरत नाही, आणि त्याची अपुरी बाजू यवतमाळ जिल्ह्याने फार जवळून पाहिली आहे. या भागात कीटकनाशकाला औषधच म्हणतात. ‘औषध मारताना लागले’ म्हणजे फवारणी करताना विषबाधा झाली, आणि ‘औषध घेतले’ याचा अर्थ प्रसंगानुसार गोळी घेतली असाही होतो आणि विष प्राशन केले असाही होतो. २०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. एकाच पंपात अनेक रसायने मिसळलेली असल्याने नेमके कोणते विष, हे पुष्कळ जणांना सांगता येत नव्हते. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकनाशकाच्या अपघाती विषबाधेला एक्स ४८, हेतुपुरस्सर घेतलेल्या विषाला एक्स ६८ आणि हेतू निश्चित न झालेल्या घटनेला वाय १८ असे संकेतांक आहेत. दगावलेल्या माणसाच्या नातेवाइकाने रुग्णालयाच्या दारात उच्चारलेल्या ‘लागले’ किंवा ‘घेतले’ या क्रियापदाचे रूपांतर यांपैकी एका संकेतांकात होते, आणि कुटुंबाला मिळणारी मदत, विम्याचा दावा व पोलिसांचा पंचनामा यांची दिशा त्याने बदलू शकते.

वाय १८ ही तत्त्वतः कोरी रेघच आहे आणि लेखनिकाच्या दृष्टीने कित्येकदा तीच सर्वांत प्रामाणिक नोंद ठरेल. परंतु श्रुतलेखनातील कोरी रेघ भरायला बोलणारा डॉक्टर जिवंत असतो, परत विचारता येतो. येथे ज्याला हेतू ठाऊक होता तो राहिलेला नाही, आणि त्याच्या घरच्यांनी जे पाहिले ते एवढेच की तो शेतातून आला व पडला. तेव्हा अनिश्चितीची नोंद करणाऱ्याचे काम पूर्ण होते आणि तिची किंमत मात्र दुसराच कोणी चुकवतो. शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी तक्त्यात प्रकरणे पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित अशी लावली जातात. तिसरा रकाना अनिश्चितीचा दिसतो, पण तो तेथे ठेवण्यासाठी नसून रिकामा करण्यासाठी असतो, आणि तो रिकामा करताना पात्रता ठरवणाऱ्या समितीसमोर मूळ वाक्य नसते, त्याचे पहिले श्रुतलेखन तेवढे असते.