एकाच शेळीचा प्रश्न

केज तालुक्यातील नांदूरघाट व त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांस पुढील देखावा परिचयाचा असेल. दसरा-दिवाळी झाली म्हणजे मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीस निघून जातात. मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि पुष्कळ घरी खुंट्यास बांधलेली एक शेळी. नातवाचे औषध, वह्यापुस्तके, अडल्यावेळचा किराणा, हे सर्व त्या शेळीच्या करडांवर अवलंबून असते. अशी शेळी एके सकाळी माजावर येऊन ओरडू लागते, आणि तिला कोणता बोकड दाखवावा, हा प्रश्न घरच्या म्हातारीपुढे उभा राहतो.

हा प्रश्न क्षुल्लक आहे, नीतीच्या विचारात त्यास जागा नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास सांगितलेल्या दृष्टांतातील गरीब माणसापाशी एकच मेंढी होती. ज्याच्यापाशी एकच जनावर आहे त्याचे त्या जनावराशी असलेले नाते कळपाच्या धन्यास सहसा उमगत नाही. शंभर शेळ्यांच्या धन्याची निवड चुकली तर त्याचा नफा थोडा घटतो. एका शेळीच्या धनिणीची निवड चुकली तर तिचे वर्ष फुकट जाते. शिवाय तिला विचार करण्यास अवकाशही फार नसतो. शेळीचा माज एक-दीड दिवस टिकतो. तो चुकला तर सुमारे २१ दिवस थांबावे लागते, आणि फळल्यावर विण्यास सुमारे १५० दिवस लागतात.

तिच्यापुढे बहुधा तीन मार्ग असतात. पहिला, गल्लीत मोकळा फिरणारा बोकड. त्यास पैसा पडत नाही. दुसरा, एखाद्या सधन शेतकऱ्याने आणलेला बोअर जातीचा मोठा बोकड. तिसरा, दूरच्या वस्तीवर कोणी निगुतीने पाळलेला चांगल्या वाणाचा उस्मानाबादी बोकड. तेथे जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावयाची आणि वर काही द्यावयाचे.

दुसऱ्या मार्गाचा विचार आधी करू, कारण त्याचा मोह मोठा आहे. बोअर ही मूळची दक्षिण आफ्रिकेतील जात. तिचा पूर्ण वाढलेला नर १०० किलोच्या आसपास भरू शकतो. आपली उस्मानाबादी शेळी सुमारे ३० किलोची. संकरित करडू लवकर वजन धरते व त्यास भाव चांगला येतो, हे खरे. परंतु पहिलटकरीण, अंगाने लहान अशा शेळीच्या पोटी मोठ्या हाडाचे करडू वाढले तर ते अडण्याचे भय असते. रात्री-अपरात्री शेळी अडली आणि पशुवैद्य दूर असला तर पुढे काय होते, हे सांगावयास नको. भाव आपल्या हाती यावा आणि कळा तिने सोसाव्यात, असा हा सौदा आहे. मुक्या जनावराची संमती घेता येत नाही; म्हणूनच तिच्या वतीने विचार करणे हे धन्याचे कर्तव्य होय. दोन-तीन वेते झालेल्या धडधाकट शेळीची गोष्ट निराळी. तरी अशा करडांस चाराही अधिक लागतो, आणि तो मार्गशीर्षात मिळाला तरी चैत्रात कोठून आणावा?

आता फुकटच्या बोकडाकडे वळू. हा कोण असतो? ह्या प्रश्नाच्या उत्तरातच आमच्या लेखाचे मर्म आहे. करडे तीन-चार महिन्यांची झाली की व्यापारी दारी येतो आणि त्यांतील सर्वांत भरदार नर उचलतो. जत्रा, कंदुरी, बकरीद, लग्नकार्य, आणि आपला नाताळही, प्रत्येक प्रसंगी मागणी उत्तमाचीच असते. मागे उरतो तो खुरटलेला, ज्यास गिऱ्हाईक मिळाले नाही असा. तोच वयात येतो, तोच गल्लीत फिरतो आणि तोच पुढच्या पिढीचा बाप होतो. पुष्कळदा तो त्याच शेळीचे मागील वेताचे करडू असतो. मग मायलेकांच्या वा बहीणभावांच्या संगतीतून झालेली करडे अशक्त निपजतात व मरतात. कोणाच्या मनात वाईट नसता, वर्षानुवर्षे सारे गाव उत्तम ते बाजारास व उरलेसुरले ते भविष्यास देत असते. पुढे आपणच म्हणतो की, पूर्वीच्यासारख्या शेळ्या आता राहिल्या नाहीत.

मग उत्तम करडू विकू नये, असे त्या म्हातारीस सांगावे काय? भरल्या पोटी असा उपदेश करणे आम्हांस लाजिरवाणे वाटते. नातू तापाने फणफणला असता जिने करडू विकले तिने पाप केले नाही. जो भार एकीच्याने उचलवत नाही, तो तिच्या एकटीच्या माथी मारणे हीच अनीती होय. गावचा बोकड चांगला असण्याचा लाभ साऱ्या गावास मिळतो, तर त्यास राखण्याचा खर्चही साऱ्यांनी वाहिला पाहिजे.

ही गोष्ट पूर्वीच्या लोकांस ठाऊक होती. इंग्लंडातील कित्येक खेड्यांत गावकऱ्यांच्या गाईंसाठी वळू आणि डुकरिणींसाठी नर डुक्कर पाळण्याची जबाबदारी रूढीने तेथील धर्मगुरूवर असे. ज्याच्या दारी एकच डुकरीण आहे त्याने नर कोठून पाळावा, हे त्यांनी ओळखले होते. त्याच देशातील रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) हा प्रख्यात पशुपालक आपले उत्तम मेंढे विकून न टाकता हंगामापुरते भाड्याने देई. त्यामुळे वाण हातचा जात नसे आणि पैसाही मिळे.

एक बोकड २५ ते ३० शेळ्यांस पुरतो. तेव्हा वस्तीवरील आठ-दहा घरांनी मिळून, जुळ्यांत जन्मलेला, ज्याच्या आईस दूध चांगले आहे असा एक नर निवडावा, त्याच्या धन्यास विक्रीच्या भावाची भरपाई थोडीथोडी द्यावी, आणि चाऱ्याची पाळी लावावी. इतर नर करडे वेळीच खच्ची करावीत किंवा वेगळी बांधावीत. दोन वर्षांनी तो बोकड दुसऱ्या गावच्या बोकडाशी बदलावा, म्हणजे रक्त जवळचे होणार नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईस आहे. पैदाशीच्या नराविषयी तेथे चौकशी करावी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जी १९६८ साली स्थापन झाली, शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचेही काम केले आहे; परंतु ती सोय दारी येईपर्यंत गावचा बोकड गावानेच सांभाळला पाहिजे.

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले. शेळीस मात्र लोक अद्याप उस्मानाबादीच म्हणतात. हा काळा, काटक, जुळी देणारा वाण कोणा एका शहाण्याने घडविला नाही. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा गरिबांनी, कधी पोटास चिमटा घेऊन, एखादे चांगले करडू मागे ठेवले म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. आपण त्यांचे ऋणी आहो. हे ऋण त्यांस परत देता येत नाही. पुढे जे येणार त्यांसच ते देता येते. म्हणून येत्या हंगामात व्यापारी दारी येईल तेव्हा वडील मंडळींनी एकत्र बसून एवढेच ठरवावे की, ह्या वर्षी वस्तीवरील एक उत्तम करडू विकावयाचे नाही, आणि ज्या घरचे ते असेल त्या घरास त्याची झळ लागू द्यावयाची नाही.