फुकट प्रवेश

मराठीत 'फुकट' हा शब्द फारसा सज्जन नाही. एखाद्याला फुकट्या म्हटलं की ती शिवीच असते. 'फुकट गेलं' म्हणजे वाया गेलं. 'फुकट ते पौष्टिक' असं म्हणणारा माणूसही ते थोडं ओशाळून, स्वतःलाच हसत म्हणतो. पण याच भाषेच्या माणसांनी रस्तोरस्ती पाणपोया बांधल्या, अन्नछत्रं चालवली, धर्मशाळा उभारल्या. पाणपोईवर ओंजळ धरणाऱ्याला फुकट्या म्हटलेलं मी कधी ऐकलेलं नाही. म्हणजे फुकट आणि फुकट यांत कुठेतरी एक रेघ आहे. ती नेमकी कुठून जाते, आणि फुकट मिळालेल्या गोष्टीचं आपण कुणाला काय देणं लागतो, हा प्रश्न मला मॅडिसनमध्ये राहायला लागल्यापासून पडतो आहे.

मॅडिसन ही विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. २०२० च्या जनगणनेनुसार लोकवस्ती सुमारे दोन लाख सत्तर हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावाएवढी. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहराचा मध्य वसलेला आहे आणि १८४८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ हा त्याचा प्राण. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात, तेव्हा त्यांना काय दाखवायचं हे इथल्या प्रत्येक मराठी घरात ठरून गेलेलं आहे. राज्याच्या विधानभवनाचा घुमट, शनिवारी त्याच्याभोवती भरणारा शेतकरी बाजार, विद्यापीठाच्या भूशास्त्र संग्रहालयातला मॅस्टोडॉनचा सांगाडा, चेझन कलासंग्रहालय, ऑल्ब्रिच बागेतला थायलंडहून भेट आलेला मंडप, आणि संध्याकाळी मेंडोटाच्या काठावरच्या त्या रंगीत लोखंडी खुर्च्यांवर बसून बॅबकॉकचं आइस्क्रीम. यादी नीट पाहिली तर लक्षात येतं, की आइस्क्रीम सोडलं तर यातल्या कशालाही तिकीट नाही. तासाभराच्या अंतरावर विस्कॉन्सिन डेल्सची वॉटरपार्क्स आहेत. तिथे चौघांचं कुटुंब एका दिवसात जेवढे पैसे उडवतं, तेवढ्यात मॅडिसनमध्ये अख्खा उन्हाळा निघतो.

या यादीत लहान मुलांसाठी पहिला नंबर हेन्री व्हायलस प्राणिसंग्रहालयाचा. विंग्रा नावाच्या छोट्या तळ्याच्या काठी ते आहे. सिंह, अस्वलं, जिराफ, माकडं, सगळं आहे आणि दाराशी तिकीटखिडकीच नाही. आतल्या छोट्या आगगाडीला आणि फिरत्या घोड्यांना काय ते पैसे पडतात. अमेरिकेत शिकागोच्या लिंकन पार्कसारखी मोजकीच प्राणिसंग्रहालयं अशी फुकट उरली आहेत. नावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचून बाबा पहिल्यांदा म्हणाले होते, "विलास? म्हणजे आपलाच कुणीतरी की!"

हेन्री हा विल्यम आणि ॲना व्हायलस या दांपत्याचा मुलगा. मधुमेहातल्या गुंतागुंतीने तो तरुण वयातच गेला. इन्सुलिनचा शोध लागायला १९२१ साल उजाडावं लागलं. त्याआधी या आजारापुढे श्रीमंत बापाचाही इलाज चालत नसे. १९०४ साली व्हायलस दांपत्याने शहरातल्या उद्यानसंस्थेला जमीन दिली, मुलाचं नाव दिलं आणि एक अट घातली: इथे येणाऱ्याकडून प्रवेशशुल्क कधीही घ्यायचं नाही. १९११ मध्ये तिथे पहिले प्राणी आले, पाच हरणं. आज हे प्राणिसंग्रहालय डेन काउंटी चालवते. मध्ये शंभराहून अधिक वर्षं गेली, दोन महायुद्धं आणि एक महामंदी येऊन गेली, पण ती अट अजून पाळली जाते.

ही गोष्ट बाबांना सांगितली तेव्हा ते सहज म्हणाले, "म्हणजे पाणपोईच. कै. अमुकअमुक यांच्या स्मरणार्थ." त्यांना यात काहीच परकं वाटलं नाही. आपल्याकडे शाळेची खोली, देवळातलं बाक, स्मशानातली शेड, जिथे तिथे कुणीतरी गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं असतं. ज्याच्यासाठी आता काही करता येत नाही, त्याच्या नावाने अनोळखी लोकांसाठी काही करायचं, हा दुःखाचा जुना उपाय आहे.

पण पाणपोईच्या तुलनेतून एक अडचणही पुढे येते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातलं सात्त्विक दान म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य पात्राला दिलेलं. व्हायलस यांच्या अटीत पात्राचा विचारच नाही. महिन्याला भरपूर पगार घेणारा माझ्यासारखा माणूस फुकट का आत जावा? ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पैसे घ्या, ज्यांना नाही त्यांना सोडा, हा हिशेब जास्त न्यायाचा नाही का?

बरीच वर्षं मला तो तसा वाटत होता. आता वाटत नाही. कारण ज्याला परवडत नाही त्याला सोडायचं, तर त्याने ते आधी सिद्ध करावं लागतं. मुलांचा हात धरून, मागच्या रांगेच्या देखत, एखादं कार्ड दाखवावं लागतं. मुलांना कार्डावरचं वाचता येत नसलं, तरी आईचा आवाज कुठल्या क्षणी खाली गेला हे बरोबर कळतं. खिडकीच नसेल तर श्रीमंताला सवलत मिळते हे खरं, पण गरिबाची परीक्षा टळते. आणि परकेपणाचीही टळते. आपल्याकडे अजिंठा-वेरूळला भारतीयांना एक दर आणि परदेशी पाहुण्यांना दुसरा. अमेरिकेत मी परदेशी आहे. बँकेत, दवाखान्यात, वाहन परवान्याच्या कचेरीत माझा व्हिसा, माझा विमा, माझा नंबर विचारला जातो. तसं विचारण्यात चूक काही नाही. पण एका दारावर कुणी काहीच विचारत नाही, याचं वजन रोज कागद दाखवणाऱ्यालाच कळतं. पाणपोईवरचं पिणं लाजिरवाणं का होत नाही, याचंही उत्तर मला इथेच सापडलं. तिथे तहान हीच पात्रता असते आणि ती तपासायला कुणी बसलेलं नसतं.

अर्थात फुकट म्हणजे बिनखर्चाचं नव्हे. हत्तीएवढं खाणं कुणीतरी विकत आणतंच. इथे ते करातून आणि देणग्यांमधून येतं. म्हणजे व्हायलस यांनी जमीन एकदा दिली, पण अट पाळण्याचा खर्च मात्र अजून जन्मालाही न आलेल्या लोकांवर टाकला. मेलेल्या माणसाला जिवंतांना असं बांधून ठेवायचा हक्क आहे का? मला वाटतं, नुसता हक्क म्हणून नाही. पण काउंटी दर वर्षी अंदाजपत्रक मांडते, तेव्हा ती हे दान नव्याने देत असते. शंभर वेळा दिलं गेलेलं दान एकट्या व्हायलस यांचं राहत नाही, ते गावाचं होतं. आणखी एक वर्ग किंमत मोजतो, तो म्हणजे पिंजऱ्यातले प्राणी. आत यायला आणि बाहेर जायला फुकट आहे ते फक्त आपल्याला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण हिशेब मांडताना ही ओळ गाळता येणार नाही.

इथवर गोष्ट गुंतागुंतीची असली तरी गोड आहे. प्राणिसंग्रहालयाच्या वरच्या टेकाडावर चढलं की ती गोडी टिकत नाही. तिथे गवताने झाकलेले, गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीचे मातीचे उंचवटे आहेत. काही गोल, काही लांबट, आणि एक पंख पसरलेल्या पक्ष्याच्या आकाराचा. साधारण हजार ते तेराशे वर्षांपूर्वी इथल्या मूळ रहिवाशांनी असे शेकडो उंचवटे या तळ्यांच्या काठांवर रचले. त्यातल्या कित्येकांत त्यांनी आपली माणसं पुरली आहेत. हो-चंक लोक या परिसराला देजोप म्हणतात, म्हणजे चार तळी. १८३२ च्या तहाने ही जमीन त्यांच्याकडून घेतली गेली. त्यानंतर सैन्य लावून त्यांना पुनःपुन्हा आयोवा, मिनेसोटा, दक्षिण डकोटा, नेब्रास्का असं हाकललं गेलं आणि त्यांच्यातले अनेकजण पुनःपुन्हा चालत परत आले. शहर वाढताना बरेचसे उंचवटे नांगराखाली आणि इमारतींखाली गेले. उरलेल्यांना आता कायद्याचं संरक्षण आहे.

विल्यम व्हायलस यांचा जन्म १८४० चा. ही जमीन त्यांनी कुणाच्या हातातून हिसकावलेली नाही. पण ते नुसते शहरातले दानशूर वकीलही नव्हते. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या मंत्रिमंडळात १८८८-८९ मध्ये ते अंतर्गत खात्याचे मंत्री होते, आणि मूळ रहिवाशांचा सगळा कारभार याच खात्याकडे होता. १८८७ साली मंजूर झालेला, सामाईक जमिनींचे तुकडे पाडणारा कायदा तेव्हा नुकताच लागू होत होता. त्या कायद्याच्या अमलात मूळ रहिवाशांची जमीन १९३४ पर्यंत सुमारे १३ कोटी ८० लाख एकरांवरून ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. मुलासाठी शोक करणारा बाप आणि हे खातं सांभाळणारा मंत्री हा एकच माणूस होता.

आई आली होती तेव्हा तिला मी हे उंचवटे दाखवले. माझ्या मुलीने विचारलं, "आजी, यावर बसायचं का?" आईने तिला बाजूला घेतलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. आई कोयनेची धरणग्रस्त. तिच्या लहानपणी गाव पाण्याखाली गेलं आणि कुटुंबाचं पुनर्वसन सोलापूर जिल्ह्यात झालं, जिथे डोंगरही नव्हता आणि पाऊसही. आज शिवसागराच्या त्या पाण्यावर तापोळ्याला बोटिंग चालतं. महाबळेश्वरला आलेली कुटुंबं तिथे जातात, फोटो काढतात. एकदा आम्हीही गेलो होतो. टेकाडावरून खाली उतरताना आई म्हणाली, "लोक बोटीत बसतात याचं मला वाईट वाटत नाही रे. पोरंच ती, हसणारच. पण त्या नावाड्याने एकदा तरी सांगावं, की इथे खाली गाव आहे, आणि त्याचं नाव अमुक होतं."

तिच्या त्या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. या पेचातून सुटायच्या दोन सोप्या वाटा आहेत. पहिली म्हणजे, जमीनच लुटीची, तेव्हा दान कसलं आणि कृतज्ञता कसली? दुसरी म्हणजे, झालं गेलं, आता सगळ्यांनाच फुकट आहे, हो-चंक मुलांनाही, मग तक्रार कशाला? दोन्ही वाटा एकच गोष्ट करतात. त्या दोन खात्यांची वजाबाकी करून एकच आकडा काढतात, आणि आकडा हातात आला की विचार थांबतो.

मला वाटतं, ही वजाबाकी होऊच शकत नाही. कृतज्ञतेचं खातं वेगळं आणि न्यायाच्या देण्याचं वेगळं. व्हायलस दांपत्याचं दुःख खरं होतं आणि त्यांनी त्याचं जे केलं ते मोठं होतं. त्यासाठी मी त्यांचा आभारी आहे. त्या आभाराने हो-चंकांचं देणं एका पैशानेही कमी होत नाही. उलट, ते देणं बाकी आहे म्हणून खिडकीपाशी मान खाली न घालता आत जाणाऱ्या आईचा आनंदही खोटा ठरत नाही. पहिल्या खात्याची फेड सोपी आहे. देणाऱ्याला परत देता येत नाही, म्हणून अट पुढे चालवायची: कर कुरकुर न करता भरायचा, आणि कुणी शुल्क लावायची भाषा केली तर सभेत उभं राहून विरोध करायचा. दुसऱ्या खात्याची फेड माझ्या एकट्याच्या हातात नाही. ती जमिनीच्या, पाण्याच्या, कायद्याच्या भाषेत व्हायची आहे आणि किती झाली हे ठरवायचा अधिकार हो-चंकांचा. पण ते खातं बंद झालेलं नाही एवढं बोलणं, हे माझ्याही वाट्याचं काम आहे. तापोळ्याच्या नावाड्याकडून आईने तेवढंच मागितलं होतं.

म्हणून आता कुणी पाहुणे आले की मी क्रम बदलतो. गाडी आधी टेकाडाच्या बाजूला लावतो. पक्ष्याच्या पंखाभोवतीने चालत, तुडवू नका म्हणत, देजोप हे नाव सांगतो. मुलं कंटाळतात, सिंह कधी बघायचा विचारतात. मग आम्ही खाली उतरतो आणि तिकीट न काढता आत जातो.