परत मांडता येणारा डाव

वाघोलीत केसनंद फाट्याच्या अलीकडे सकाळी सातच्या सुमारास शाळेच्या बसची वाट पाहत मुलं उभी असतात. पाठीवर दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, डोळ्यांत अर्धी झोप. तोंडं मात्र पूर्ण जागी. परवा त्यांतला एक सांगत होता, "काल त्या पुलावर मी कितीदा मेलो, माहितीये?" चेहरा हसरा. दुसऱ्याने लगेच विचारलं, "कुठे रे? फळी सरकते तिथे?" पहिल्याने मान डोलावली. मग दुसऱ्याने डावा तळहात आडवा धरला. ती फळी झाली. उजव्या हाताची दोन बोटं समोर हवेत उभी केली. तो खेळातला गडी. "तू घाई करतोस. फळी लांब जाताना उडी मारायची नाही. परत येताना मारायची." तळहात सरकला, बोटांनी उडी मारली आणि नीट फळीवर उतरली. पहिल्याने तेच आपल्या बोटांनी करून पाहिलं. तेवढ्यात बस आली.

आपण हरलो हे इतक्या आनंदाने सांगणारी माणसं मोठ्यांच्या जगात फारशी भेटत नाहीत. ते ऐकून टोमणा न मारणारा मित्र तर त्याहून दुर्मीळ. या दोघांत कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. कुठे पडलो आणि तिथे पाय कसा टाकायचा, एवढंच बोलणं झालं.

हेच मूल चाचणीत वीसपैकी सात मिळाले की तो पेपर दप्तराच्या तळाशी, डब्याच्या पिशवीखाली घडी करून ठेवतं. त्यावर आईची किंवा बाबांची सही लागते ना! खेळातल्या हरण्यावर कुणाची सही लागत नाही. पडलं, पडदा क्षणभर काळा झाला, पुन्हा सुरू. "शेजारचा बघ कसा पुढे गेला" असं तो पडदा म्हणत नाही. मूल तिथे धीर धरतं याचं आपल्याला नवल वाटतं आणि अभ्यासात का धरत नाही म्हणून आपण चिडतो. दोन्हीकडे मूल तेच असतं. भोवती उभी असलेली माणसं वेगळी असतात.

ज्यांचं लहानपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना टीव्हीला जोडायचा तो गेम आठवत असेल. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची. त्यातला मारिओ 1985 सालचा, जपानच्या शिगेरू मियामोटो यांनी घडवलेला. पहिल्याच पडद्यावर समोरून एक तपकिरी, अळंबीसारखा प्राणी डुलत येतो. काही केलं नाही तर आपण मेलोच. पण गेलं काय? काही सेकंद. पुढच्या वेळी बोट आपोआप उडीच्या बटणावर जातं. थोडं पुढे गेलं की दोन जिने समोरासमोर येतात. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची. इथे दोन जिन्यांच्या मध्ये जमीन आहे, चुकलं तरी पाय टेकतात. आणखी पुढे तसेच दोन जिने, पण या वेळी मधे खोल खड्डा. म्हणजे आधी बिनधोक ठिकाणी चुकू दिलं आणि मग खरी परीक्षा घेतली. एक शब्दही न बोलता. इतकी समज असलेला शिक्षक ज्याला शाळेत भेटला, तो भाग्यवान.

आपल्या पुण्यातही असा एक खेळ तयार झाला. 'राजी' त्याचं नाव. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीतल्या मंडळींनी केलेला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. दुर्गेने दिलेलं त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. अधेमधे सावल्यांच्या बाहुल्या पुराणातल्या गोष्टी सांगतात. या मंडळींनी 2017 मध्ये खेळासाठी इंटरनेटवर लोकांकडे पैसे मागितले. ठरवलेली रक्कम जमली नाही. सगळ्यांच्या देखत हरणं म्हणजे हेच. तरी काम चालू राहिलं. 2020 मध्ये खेळ बाहेर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या खेळासाठीच्या पुरस्काराच्या नामांकनांत त्याचं नाव होतं. पुरस्कार दुसऱ्याच खेळाला मिळाला. तेही ठीकच.

हे सगळे परत मांडता येणारे डाव. निधी जमला नाही, चाचणीत गुण कमी पडले, मुलाखतीत नाकारलं, पोळी करपली. सकाळ होते आणि पट पुन्हा मांडला जातो.

पण सगळेच डाव तसे नसतात. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ दिसायला असेच रंगीत. तिथेही पुन्हा खेळण्याचं बटण असतं. गेलेला पैसा मात्र त्या बटणाने परत येत नाही. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून ते बंद केले, हे बरंच झालं. आणि रात्री दोनपर्यंत खेळत बसलेल्या मुलाची झोपही कुठला खेळ परत देत नाही, हेही सांगायला हवं.

आणि गेलेला जीव तर परत येतच नाही. मुलं उभी असतात त्याच फाट्यावर 2024च्या डिसेंबरात फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर डंपर गेला. पोटासाठी पुण्यात आलेली ती माणसं होती. तिघे गेले, त्यांत दोन अगदी लहान मुलं. तिथून रोज जाताना हे आठवतंच असं नाही. आठवायला हवं.

वाघोली 2021 मध्ये महापालिकेत आली. नगर रस्त्यावरची कोंडी होती तिथेच राहिली. खडीचे डंपर, पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बस आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. बस चुकू नये म्हणून आई किंवा बाबा मुलाला गाडीवर पुढे उभं करतात, दुभाजकाचा वळसा टाळतात आणि उलट्या बाजूने सरळ फाटा गाठतात. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. कुणाचा चेहरा चिंतेत दिसत नाही. हाच माणूस संध्याकाळी वीसपैकी सात पाहून हादरलेला असतो. "आता या मुलाचं कसं होणार" म्हणत रात्र काढतो.

मला हे उलटं वाटतं. जिथे पुन्हा खेळता येतं तिथे आपण जीव टांगणीला लावतो. जिथे एकदाच खेळायचं असतं तिथे म्हणतो, "चल रे, काही होत नाही." बसथांब्यावरच्या त्या पोरांना निदान खेळापुरतं पक्कं ठाऊक आहे की पुलावरून पडलं तरी चालतं. रस्त्याचं त्यांना कुणीतरी सांगायला हवं, आणि ते आपण गाडी चालवताना सांगत असतो, तोंडाने काही न बोलता.

म्हणून आज मुलाला फाट्यावर सोडायला निघाल तेव्हा वळसा घालून जा. थोडा वेळ जास्त लागेल, एखादे दिवशी बस चुकेलही. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट लागतं, ते घाला. आणि संध्याकाळी दप्तराच्या तळातून तो घडी घातलेला पेपर निघाला, तर आधी सही करा. मग शेजारी बसून विचारा, कुठे अडलं रे?